नळदुर्गचे पिलभीम

"मिस्त्री, तो पाना ठेवा खाली आणि वर या. तुमचे भाऊबंद आलेत विलायतेहून!"

मार्तंड मास्तर विहिरीच्या कडेला वाकून ओरडत होते. खाली, निम्म्या विहिरीत बांधलेल्या ओट्यावर बब्रुवान कल्याणप्पाच्या ऑइल इंजिनाशी झटत होता. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर ग्रीसचा पट्टा. त्याला वाटलं, मास्तर चेष्टा करतायत. आडनावावरून चेष्टा व्हायची त्याला सवयच होती. शाळेत पोरं 'पिल्लूभीम' म्हणायची. बाजारात नवा माणूस भेटला की हमखास विचारायचा, "पिलभीम? हे कुठलं म्हनायचं आडनाव?" "हाय आमचं," एवढं बोलून बब्रुवान कामाला लागायचा.

"खरंच सांगतोय," मास्तर म्हणाले. "पिलबीम नाव आहे त्यांचं. डाकबंगल्यात उतरलेत. तुम्हालाच शोधत आलेत."

"जावा की मिस्त्री," कल्याणप्पा वरून म्हणाला. "हरबऱ्याला पानी उद्या दिलं तरी चालतंय. भाऊ काय रोज येतोय व्हय विलायतेचा?"

एकसष्ट सालचा हिवाळा होता तो. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, पण नळदुर्गच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून निजामाचा अंमल संपला नव्हता. गोरा माणूस गावात येणं हे तर अपूर्वच. बब्रुवान रॉकेलनं हात धुऊन डाकबंगल्यावर पोचला, तोवर निम्मं गाव कुंपणाला लागलं होतं.

आर्थर पिलबीम सत्तरीचे होते. उंच, खांद्यातून वाकलेले, उन्हानं नाक लाल झालेलं. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. सोलापूरच्या दवाखान्यात एका इंग्रज डॉक्टरनं बब्रुवानच्या आईचा, कडूबाईचा, मोतीबिंदू काढला होता. तिचं आडनाव त्याच्या ध्यानात राहिलं आणि रजेवर मायदेशी गेल्यावर त्यानं ते सहज कुणाला सांगितलं. सांगोवांगी ते या म्हाताऱ्यापर्यंत गेलं, आणि म्हातारा बोटीत बसला.

त्यांनी बब्रुवानचा हात दोन्ही हातांत धरला तो सोडेचनात. मग टेबलावर नकाशा पसरला आणि बोलायला लागले. मास्तर मराठीत सांगत गेले.

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स म्हणून मुलूख आहे. तिथल्या रानाच्या कडेची काही गावं, हे नाव तिथलंच. जिथं जिथं पिलबीमांचं घर, तिथं म्हाताऱ्यानं शाईचा ठिपका दिला होता. दक्षिणेला ठिपके मुंग्यांसारखे दाटलेले, उत्तरेला जावं तसे विरळ, आणि पुढं कोरा कागद. काही लंडनला पोट भरायला गेलेले, काही आगबोटीनं पार ऑस्ट्रेलियात पोचलेले. सहाशे वर्षांमागं हे नाव तिथं होतं, असं ते सांगत होते. नावाचा अर्थ काही जाणते 'साल सोललेलं झाड' असा करतात, काही जण दुसराच करतात.

"आपल्याकडं बाभळीची काढत्यात साल," बब्रुवान म्हणाला. "कातडं कमवाया."

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितल्यावर म्हातारा इतका खूश झाला, की जणू बब्रुवाननं घरचीच खूण सांगितली.

हिंदुस्थानच्या नकाशावर एकच ठिपका होता, नळदुर्गचा. तोही पेन्सिलीचा. जॉर्ज पिलबीम हे आर्थर साहेबांच्या पणजोबांचे धाकटे भाऊ. रस्त्यांच्या मोजणीवर इकडं आले आणि इथंच वारले. त्यांनी इकडं लग्न केलं असेल, मुलंबाळं झाली असतील, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

"म्हणतायत," मास्तरांचा आवाज जरा खाली आला, "त्यांच्या शाखेत आता ते एकटेच. मुलगा होता. लढाईत ब्रह्मदेशात गेला. असता तर तुमच्याच वयाचा असता. शाखा आपल्याबरोबर बुडाली असं ते धरून चालले होते. आणि तुम्ही निघालात."

बब्रुवान काहीतरी बोलायला गेला. पण म्हाताऱ्यानं खिशातून पेन काढून पेन्सिलीच्या ठिपक्यावर शाई भरली, कुंपणापलीकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि बोलायचं राहून गेलं.

राहून गेलं, असं तो स्वतःला सांगत होता. खरं म्हणजे घरी येताना वाटेत माणसं उठून रामराम करत होती. ज्या पानवाल्यानं त्याला जन्मभर 'पिल्लू' म्हटलं, त्यानं "या पिलभीमसाहेब" म्हणून पान पुढं केलं. आणि बब्रुवानला ते आवडलं होतं.

संध्याकाळी साहेब घरी जेवायला आले. मांडी घालता येईना, तर तुळजाबाईनं, बब्रुवानच्या बायकोनं, ज्वारीचं पोतं आडवं करून दिलं. म्हाताऱ्यानं भाकरी खाल्ली, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिला आणि दिवेलागणीला मास्तरांबरोबर परतला. तो जाईस्तोवर कडूबाई कोपऱ्यात गप्प बसून होती. मग तिनं जाड भिंगाचा चष्मा लेकाकडं वळवला.

"त्यास्नी सांगितलास का न्हाय?"

बब्रुवान दिव्याची वात सारखी करायला लागला.

"लिंबाजीआबाचं सांगितलास का, म्हंते म्या."

"सांगायचं कशाला, आत्याबाई?" तुळजाबाई भांडी आवरता आवरता म्हणाली. "म्हातारं लेकराला मुकलंय. चार दिस आनंदात ऱ्हाईल. कुनाचं काय जातंय?"

कडूबाई लग्न होऊन या घरात आली ती आठ वर्षांची. तेव्हा नवऱ्याचा आजा, लिंबाजी, थकून ओसरीवर पडून असायचा. त्याच्याच तोंडून तिनं सगळं ऐकलं होतं. लिंबाजी हा पिलबीम साहेबाचा मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा. पटकीची साथ आली, साहेब पडला, आणि तळावरची माणसं मिळेल त्या वाटेनं पळाली. लिंबाजी राहिला. त्यानं साहेबाला पाणी पाजलं, साहेब गेल्यावर एकट्यानं खड्डा खणला. मागाहून साहेबाच्या लोकांनी येऊन दगड बसवला आणि तेही गेले. लिंबाजी मात्र दर दसऱ्याला थडग्याला चुना देत राहिला. लोक त्याला 'पिलभीमाचा लिंबाजी' म्हणायला लागले. पुढं पटवाऱ्यानं तेच लिहिलं. साहेबाला बायको नव्हती, मूल नव्हतं. या घरात त्याच्या रक्ताचा थेंब नव्हता.

"आबा म्हनायचा," कडूबाई म्हणाली, "आपुन त्याचे कुनी न्हाय, पर त्याला बी हितं दुसरं कुनी न्हाय. चुना द्यायचा तो त्याच्यापायी. लेक म्हनून न्हाय."

"उद्या सांगतो, माय," बब्रुवान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, मास्तर आणि बब्रुवान थडग्यावर गेले. किल्ल्याच्या पलीकडं, बोरी नदीच्या काठाला, चिंचेखाली ते एकटंच होतं. दसऱ्याचा चुना अजून पांढरा होता, आणि चुना देताना अक्षरं मोकळी सोडायची घरातली रीत असल्यामुळं नाव स्वच्छ वाचता येत होतं. आर्थर साहेबांनी टोपी काढली. मग पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

तो सुताराचा रंधा होता. जुनं, हाताच्या घामानं काळं झालेलं लाकूड, आणि पोलाद अजून लखलखीत. साहेब बोलत होते, मास्तर सांगत होते. त्यांचे पूर्वज सुतार. हा रंधा बापाकडून थोरल्या मुलाकडं येत आलेला. मुलगा गेल्यावर तो कुणाला द्यायचा हा प्रश्न होता. आज तो सुटला.

बब्रुवाननं जन्मभर हत्यारांवर पोट भरलं होतं. असं हत्यार त्यानं पाहिलं नव्हतं. हात आपसूक पुढं झाला, मुठीच्या झिजलेल्या खळीत अंगठा नेमका बसला, आणि त्यानं तो चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"मास्तर, सांगा त्यास्नी. आमी त्यांच्या रगताचे न्हाय. आमचा पणजोबा या सायबाचा मोतद्दार व्हता. नाव तेवढं चिकटलं."

मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. मग साहेबांकडं वळून दोन वाक्यं बोलले. साहेबांचा चेहरा आणखीच फुलला. त्यांनी मान हलवली, बब्रुवानच्या खांद्यावर थोपटलं आणि रंधा पुन्हा पुढं केला.

बब्रुवान जे समजायचं ते समजला.

"काय सांगितलं तुमी?"

"मिस्त्री, ऐका माझं," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "मी म्हटलं, एवढा मान घ्यायला ह्यांना संकोच वाटतो. सात समुद्र ओलांडून आलाय हा माणूस. चार वर्षं तरी जगेल का अजून? जगू द्या की समाधानात."

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांचेच डोळे भरून आले होते. बब्रुवानला त्यांचा राग आला नाही. पण इंग्रजी तर त्याला येत नव्हतं.

तो पुढं झाला. दगडावरच्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "पिलबीम." साहेबांकडं हात करून म्हणाला, "पिलबीम." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. नाही. साहेब हसत होते, त्यांना कळलं नाही. तेव्हा बब्रुवाननं डोक्याचा रुमाल सोडला, उकिडवा बसला आणि समोर जणू घोडा उभा आहे अशा बेतानं त्याचा पाय चोळायला लागला. चोळून झाल्यावर उठून लगाम धरला. आणि शेवटी थडग्यासमोर कमरेत वाकून, साहेबानं पाय ठेवावा म्हणून दोन्ही हातांनी रिकीब धरली. तसाच वाकून राहिला.

"लिंबाजी," तो म्हणाला. "आमचा पणजोबा. लिंबाजी."

म्हाताऱ्याचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी मास्तरांना काहीतरी विचारलं. मास्तरांनी मान खाली घातली, आणि मग बब्रुवान बोलत गेला तसं सगळं सांगितलं, पटकीपासून चुन्यापर्यंत. साहेब थडग्याच्या कडेला बसले. रंधा मांडीवर होता. नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

मग ते मास्तरांकडं वळून बोलले.

"विचारतायत," मास्तर म्हणाले, "लिंबाजीचं स्वतःचं आडनाव काय होतं? पिलबीमच्या आधी?"

ज्याच्याजवळ आपल्या नावाची सहाशे वर्षं घडी घालून ठेवलेली होती तो माणूस उत्तराची वाट बघत होता, आणि बब्रुवानला चार पिढ्यांपलीकडं काहीच दिसत नव्हतं. लिंबाजीचा बाप कोण, तो कुठल्या गावचा, कशाचा पत्ता नव्हता.

"ठाव न्हाय," तो म्हणाला. "कुनालाच ठाव न्हाय."

मास्तरांनी सांगितलं. साहेब हळूच काहीतरी म्हणाले.

"सॉरी म्हणतायत."

"कशापायी?"

मास्तरांनी ते विचारलं नाही.

दुपारच्या सोलापूर गाडीनं साहेब गेले. आणखी दोन दिवस राहायचा बेत होता, तो त्यांनी मोडला. रंधा त्यांनी पुन्हा फडक्यात गुंडाळला होता. स्टँडवर त्यांनी बब्रुवानचा हात धरला, पण कालच्यासारखा नाही. आज एका माणसानं दुसऱ्याचा धरावा तसा. गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून वाकून ते म्हणाले, "लिंबॅजी." जीभ वळेना. पुन्हा म्हणाले, "लिंबाजी." आणि धुरळ्यात गाडी हैदराबाद रस्त्याला लागून सोलापूरकडं वळली.

बब्रुवान घरी आला तेव्हा कडूबाई अंगणात सूप घेऊन तूरडाळीतले खडे वेचत होती. नव्या भिंगानं तिला खडे दिसत नसत, बोटांनीच ती ते ओळखी. तो तिच्यासमोर बसला.

"सांगितलं, माय."

"बरं केलास. रागावला का?"

"न्हाय. आबाचं आडनाव इचारलं त्यानं, मूळचं. मला न्हाय सांगता आलं. साऱ्या जल्मात कधी इचारायचं सुचलंच न्हाय. तुला तर आबा भेटला व्हता."

"भेटला व्हता. पर म्या एवढीशी. अन् आजेसासऱ्याला नाव इचारावं व्हय सुनंनं?" तिनं एक खडा बाजूला टाकला. "नाव जातंय रं. त्यात काय. माझं न्हाय का गेलं?"

"तुझं?"

"मग काय म्या पिलभीमातच जल्मले व्हय?"

माय अणदूरची, एवढं बब्रुवानला माहीत होतं. मानमोडीच्या साथीत तिचं अख्खं माहेर गेलं, बाप, भाऊ, सगळे, हेही माहीत होतं. म्हणून त्याला मामा नव्हता, लग्नात शेजारचा माणूस मामा म्हणून मागं उभा केला होता. चाळीस वर्षं तो या बाईच्या हातचं खात होता, आणि ते घर कुणाचं होतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

"काय व्हतं, माय, आडनाव?"

कडूबाईनं सूप खाली ठेवलं. पदर नीट केला. शाळेत ती कधी गेली नव्हती, पण हजेरीला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी ताठ बसली आणि मोठ्यानं म्हणाली,

"कडू येसाजी ढेपे."

म्हणाली, आणि नाव बरोबर आलं की नाही हे ऐकत असल्यासारखी थांबली. मग पुन्हा एकदा, नुसते ओठ हलवून, म्हणाली. आणि सूप मांडीवर ओढून घेतलं.