प्रश्नासोबत बसणारी माणसं

आमच्या इमारतीच्या सभागृहात दर मंगळवारी सकाळी आत्मविकासाचं मंडळ भरतं. ते चालवतात एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणतात. शाळा सुटली, पण वर्ग घ्यायची खोड काही सुटली नाही. गोलात मांडलेल्या खुर्च्या, मधे रंग, ब्रश, मातीचे गोळे. आणि एक पक्का नियम: कुणी मन मोकळं केलं की सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारला तर उत्तरही द्यायचं नाही. छातीवर हात ठेवून सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "आम्ही ऐकलं." उत्तर दिलं की म्हणे समोरच्याची वाढ खुंटते.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, अजून हंगामीच. कायम होण्यासाठी मुलाखत आली, ती नेमकी पुढच्या मंगळवारी सकाळी. घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबांना हल्ली काही आठवत नाही. एकटं ठेवलं तर गॅस चालू करून बाहेर निघून जातात. दोन तास कुणीतरी त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. शेजारीपाजारी झाडून सगळे मंडळात, म्हणून बाबांचा डोळा लागल्यावर दाराला कुलूप घालून मीही खाली गेले आणि सरळ विचारलं, "पुढच्या मंगळवारी कुणी बाबांजवळ बसेल का?"

सगळ्यांचे हात छातीवर गेले.

"आम्ही ऐकलं."

मी वाट पाहत राहिले. दंतवैद्याच्या बायकोने डोळे पुसले. बाई म्हणाल्या, "फार धीराने मांडलंस हो. आता ही असहायता मातीत उतरव."

काय करणार, केला एक म्हातारा. तो हातोहात फिरला. सल्ला चालत नाही, पण अर्थ लावलेला चालतो. विमा एजंट म्हणाला, "पाठीला हा जो बाक आहे ना, तो तुझा अहंकार." बाबांची पाठ तशीच आहे, हे त्याला कोण सांगणार.

पुढच्या मंगळवारी मी बाबांना धुतलेली पँट, इस्त्रीचा शर्ट घातला आणि थेट त्या गोलात नेऊन बसवलं.

"हे नवे सदस्य," मी म्हटलं. "यांना विसरायला होतं. मी येईपर्यंत जरा बघाल ना?"

"आम्ही ऐकलं," बाई प्रेमाने म्हणाल्या, आणि मी मूर्खासारखी निश्चिंत होऊन गेले.

मुलाखत छान झाली. परत येऊन पाहते तर सभागृह चिडीचूप. बाईंनी मला दारातच गाठलं.

"काय माणूस आहेत गं तुझे बाबा. एकच प्रश्न तीन-तीनदा विचारला त्यांनी. आम्ही दर वेळी त्या प्रश्नासोबत बसलो."

"कोणता प्रश्न?"

"बाथरूम कुठे आहे," बाई म्हणाल्या. "शरीराशी इतकं प्रामाणिक राहणं आपल्याला जमतं का सांग."

मी बाबांकडे पाहिलं. पँट गुडघ्यांपर्यंत भिजली होती, खुर्चीखाली ओल पसरली होती. सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या थोड्या मागे सरकवल्या होत्या. गोल मात्र मोडू दिला नव्हता.

संतापाने मी हातातली पर्स जमिनीवर आपटली. मी खाली बसून बाबांच्या कमरेला माझा स्वेटर गुंडाळू लागले. ते वाकले आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "यांच्यावर ओरडू नकोस हं. बिचाऱ्यांना उठता येत नसावं."