तीन सेंटरांचा निकाल

वकीलबाईंनी नाव कमावलं ते हॉस्पिटलांची लग्नं लावून. हा त्यांचाच शब्द. एक हॉस्पिटल दुसऱ्याला विकत घ्यायला निघालं की स्पर्धा आयोग विचारायचा, यातून मक्तेदारी तर होणार नाही ना? होणार नाही, हे पटवून देणं बाईंचं काम. कित्येक वर्षं त्यांनी ते चोख बजावलं. मग मोठ्या फर्ममधली खुर्ची सोडून त्या पेशंटांच्या बाजूने उभ्या राहू लागल्या. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "लग्नं फार लावली, आता जरा काडीमोड करून बघते."

त्यांच्या हातून झालेला सगळ्यात मोठा काडीमोड डायलिसिसचा. एका कंपनीने शहरातली डायलिसिस सेंटरं एकेक करून गिळली होती. मग दर चढले, नर्सेस कमी झाल्या, कुणी तक्रार केली तर काउंटरवरचा माणूस सरळ सांगायचा, "नको असेल तर दुसरीकडे जा." आणि दुसरीकडे असं काही उरलंच नव्हतं.

बाईंनी पेशंटांच्या वतीने आयोगापुढे खटला भरला. तो रेंगाळत असतानाच त्यांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या. भावोजी त्याच कंपनीच्या सेंटरमध्ये जाऊ लागले. बाईंनी ते आयोगाला उघड सांगितलं. समोरच्यांनी हरकत घेतली नाही, तेव्हा खटला त्यांच्याकडेच राहिला.

निकाल बाजूने लागला. कंपनीने तीन सेंटरं बाहेरच्या कुणाला तरी विकावीत, म्हणजे स्पर्धा राहील, असा हुकूम झाला. आयोगाच्या व्हरांड्यात पेशंटांच्या नातेवाइकांनी बाईंना गराडा घातला. एक म्हातारी तर त्यांचा हात सोडेना. भावोजी मागे भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "वकीलसाहेब, आता सुई कमी टोचेल का हो?"

"सुई तेवढीच टोचेल भावोजी. पण टोचणारी दमलेली नसेल."

कोणती तीन सेंटरं विकायची हे कंपनीने ठरवायचं होतं. तिने सगळ्यात जुनाट तीन काढली. त्यात भावोजींचं एक. घेणारी कंपनी परगावची, लहानशी. पुढच्या महिन्यात जुन्या कंपनीने नर्सेसना आणि टेक्निशियनना पगारवाढ देऊन आपल्या उरलेल्या सेंटरांत ओढून घेतलं. नव्या मालकाला माणसं मिळेनात. पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडलं, तर दुरुस्त करायला कुणी नाही. वर्ष उलटायच्या आत तिन्ही बंद पडली.

बाई स्वतः बघायला गेल्या. शटर अर्धं खाली होतं. आत पेशंटांच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि एक सफाईवाली नळ्यांचे खोके बाहेर ओढत होती.

"कुठे गेले सगळे?" बाईंनी विचारलं.

"जिथे जागा मिळाली तिथे. काही जण घरीच बसलेत."

शहरातल्या उरलेल्या सेंटरांत मुंगीला शिरायला जागा नव्हती. भावोजींना नंबर मिळाला तो शेजारच्या शहरात.

बाईंनी पुन्हा आयोगाकडे अर्ज केला. अध्यक्षांनी तो नीट वाचला, चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही विक्री मागितलीत. विक्री झाली. खरेदीदाराला धंदा जमला नाही, त्याला आम्ही काय करणार?"

"माणसं मरतील, सर."

"मला कळतंय. पण त्यावरचा उपाय या कायद्यात नाही."

अर्ज निकाली निघाला. बाईंना हे उत्तर नवीन नव्हतं. जुन्या फर्ममध्ये असताना त्यांनी स्वतः ते दिलं होतं, याहून गोड भाषेत.

मग त्या भावोजींना आठवड्यातून एकदा गाडीने नेऊ लागल्या. बाकीच्या दिवशी ताई बसने न्यायची. भावोजी जन्मभर बस चालवलेला माणूस. जाताना बाईंच्या ड्रायव्हिंगची सालं काढायचे. "क्लचवर पाय ठेवून झोपलीस का गं?" येताना मात्र खिडकीला डोकं टेकून गप्प. चढावर गाडी गचके खायची, तरी बोलायचे नाहीत.

एका सकाळी ते उठलेच नाहीत. जागे होते, पण उठले नाहीत. ताईने बहिणीला बोलावून घेतलं आणि दारातच म्हणाली, "यांना समजाव. जन्मभर परक्यांसाठी भांडलीस, एकदा घरच्यासाठी भांड."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "भावोजी, तिकडेच खोली घेऊ भाड्याने. सेंटरच्या समोर."

"आणि तुझ्या ताईने तिथे कुणाशी बोलायचं? भिंतींशी?"

"मी येत जाईन."

"तू दमलीयेस. आरशात बघ जरा." त्यांनी सुजलेला हात बाईंच्या हातावर ठेवला. "एक दिवस जाण्यात जातो, दुसरा पडून राहण्यात. मधे जगायचं कधी? मला आता घरात राहायचंय."

बाईंनी अजून बरंच काही सांगून पाहिलं. दुसरा डॉक्टर, दुसरी औषधं. भावोजी ऐकत राहिले. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, "मला तुम्ही हवे आहात हो."

"ते ठाऊक आहे गं," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

त्याच महिन्यात ते गेले.

माणसांची ये-जा थांबल्यावर एका दुपारी ताई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. बाईंनी दुसरं टोक धरलं. ताई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू भल्यासाठीच केलंस. पण ते सेंटर होतं, वाईट का होईना, चालत जाण्याजोगं होतं. हे माझ्या मनातून जात नाही. तुझा फोन वाजला की घ्यावासा वाटत नाही बघ."

बाईंनी आपलं टोक ताईच्या हातात दिलं. चादरीची घडी पुरी झाली.

वकिली त्यांनी सोडली नाही. मात्र तेव्हापासून विक्रीची मागणी करताना त्या एक अट घालतात. घेणाऱ्याने आधी नर्सेस दाखवाव्यात, यंत्रं चालवून दाखवावीत, आणि निदान काही वर्षं जुन्या मालकाने त्याची माणसं फोडू नयेत. समोरचे वकील हसतात, आयोग कधी मान्य करतो, कधी नाही. ताईकडे त्या अजून जातात. ताई चहा करते, गुडघ्यांचं सांगते, शेजाऱ्यांचं सांगते. कोर्टात काय चाललंय, ते मात्र विचारत नाही.