मागावर विणलेली

"अंजनी, ही हातमागावरची न्हाय गं." आण्णाप्पांनी पार्सलातून आलेली साडी उलटी केली आणि काठावरून अंगठा फिरवला. "न्हाय म्हंजे न्हाय."

"म्हाईत हाय, मामा. नुसता फोटू काढायचाय. आपल्या मागावर ठेवून."

वडगावातल्या त्या घरात सासऱ्यांचा, आण्णाप्पांचा, हातमाग दोन वर्षं गप्प पडून होता. अंजनीचा नवरा सूरज उद्यमबागेतल्या कारखान्यात जाई, आणि मागाच्या वतीनं अंजनी ब्लॉगवर बोलत राही. काठांची नावं, सासऱ्यांचे किस्से, रंग चुकला त्या दिवशीच्या शिव्यासुद्धा तिनं सहा वर्षं लिहिल्या. लोकांनी वाहवा भरपूर केली, पण वाहवेचा भात शिजत नाही. आता पहिल्यांदाच एका साडी-कंपनीनं ती साडी पाठवून ब्लॉगवर जाहिरातीचा लेख लिहायचे पैसे देऊ केले होते. त्यात सूत आणायचं आणि माग पुन्हा चालू करायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिनं लिहिलं, 'आमच्या मागावर ठेवलेली साडी.' कंपनीतल्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, मस्त झालंय. फक्त एक शब्द बदलू या. 'ठेवलेली'च्या जागी 'विणलेली'."

अर्धा दिवस अंजनी तो शब्द लिहून खोडत राहिली. मग 'चालेल' असं कळवून टाकलं. एक शब्दच तर होता. त्या एका शब्दावर सासऱ्यांनी पन्नास वर्षं काढली होती, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

लेख गाजला, पैसेही आले. दुकानात सूत सांगायला ती पायात चप्पल घालत होती, तोच दारात कोल्हापूरच्या राजाबाई उभ्या. ब्लॉगच्या जुन्या वाचक. त्यांनी पिशवीतून तसलीच एक नवी साडी काढली.

"लेकीच्या लग्नाला घेतली बघा. आण्णाप्पांच्या हातची म्हटल्यावर दुसरी बघितलीच न्हाय. आण्णा, तेवढा एकदा हात ठेवा हिच्यावर. पोरीला आशीर्वाद."

सासऱ्यांनी साडी घेतली. सवयीनं ती उलटी करायला निघालेला हात मध्येच थांबला. त्यांनी एकदा सुनेकडं पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले, "माझ्याच हातची हाय." आणि साडीवर तळवा ठेवला.

राजाबाई चहा घेऊन, डोळे पुसत गेल्या. अंजनीला रडू आवरेना.

"चुकलं माझं, मामा. तुमी खरं सांगून टाकायचं हुतं. आता सूत आणते, खरीखुरी विणा."

"लग्नाची साडी गं ती. खोटी कशी म्हणू?" आण्णाप्पा शांतपणे म्हणाले. "आन् आता खरी विणली, तर ती कुणाची म्हणून सांगू?"

ते उठून मागाशी गेले. माग थांबवताना विणकर जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागात तशीच ओवून ठेवतो. नवं सूत आलं की त्या टोकांना एकेक धागा गाठून पुढं विणायचं असतं. आण्णाप्पांनी ती टोकं दोन वर्षं जपली होती. त्यांनी कात्री घेतली आणि एका कडेनं टोकं कापायला सुरुवात केली. त्यांचा हात धरायची अंजनीला हिंमत झाली नाही.

हजारांनी धागे होते. दुपार कलेपर्यंत काम चाललं.