लूट म्हणतात मला

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे, लूट. माझं मूळ संस्कृतात. वाढलो मात्र फौजांच्या तोंडी. गोऱ्या शिपायांनी इथले किल्ले फोडले, तेव्हा सामानाबरोबर मलाही उचललं आणि आपल्या शब्दकोशात बसवलं. आधी माझा अर्थ होता लढाईत हिसकावलेला माल, मग चोरीचा कुठलाही माल. आता तिकडची मुलं वाढदिवसाच्या भेटींनाही लूट म्हणतात. इकडे शहागंजच्या बाजारात मी साड्यांच्या सेलच्या पाटीवर लटकतो. वाटलं, चला, म्हातारपणी सुधारलो आपण.

कसला सुधारतोय! गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी सिल्लोडच्या रस्त्यावर गोडेतेलाच्या डब्यांचा ट्रक उलटला. चितेगावचा ड्रायव्हर राजेंद्र चेपलेल्या केबिनमध्ये अडकला. आसपासच्या वस्त्यांवरून माणसं धावली ती डब्यांकडे. "लूट हाय, पळा!" ज्याच्या त्याच्या तोंडी मीच होतो. वस्तीवरच्या कडुबानं एका डब्यासाठी सख्ख्या मावसभावाचं डोकं फोडलं. डांबरावर तेलात रक्त मिसळलं आणि लोक त्यावरून घसरत, एकमेकांना तुडवत राहिले.

राजेंद्रनं फुटक्या काचेतून टामी बाहेर काढली. टामी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा. कुणीतरी तो घेऊन दार उचकटावं, एवढंच त्याला हवं होतं. कडुबाला वाटलं, हा माल राखायला मारतोय. त्यानं त्या हातावर दगड घातला. तीनदा घातला.

"भाऊ, मारत नाय मी," आतून राजेंद्र कण्हला. "पाय दबलाय. दार काढ."

कडुबाची आई भागूबाई जवळच होती. तिनं डोक्यावरचा डबा खाली टाकला.

"घे ती टामी, कडुबा. दार काढ."

"माय, लोक समदं नेतील."

"नेऊ दे. ह्यो मेला तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाय मी."

कडुबानं दार उचकटलं. राजेंद्र जगला, पायही वाचला. पण त्या हाताची बोटं मिटत नाहीत. ट्रक चालवणं सुटलं ते सुटलंच.

मित्रांनो, मला पाटीवर खुशाल वाचा, खेळात हसत उच्चारा. पण गर्दी माझा पुकारा करू लागली, तर क्षणभर गप्प राहून कान द्या. राजेंद्र ट्रक उलटल्यापासून हाका मारत होता. त्या कुणाला ऐकू आल्या नाहीत, कारण सगळ्या गळ्यांत मी होतो.