सात पायऱ्या

कृष्णाकाठच्या त्या गावात पाणी चढू लागलं की जैन गल्लीतली चाळीस घरं मंदिराकडे बघायची. वरच्या तीन पायऱ्या कोरड्या उरल्या की गाव सोडायचं, हा समाजाचा नियम. कस्तुरीनं सकाळपासून चारदा मोजल्या. सात उरल्या होत्या.

पण मागच्या पुरानंतर मंदिर जॅक लावून उचललं होतं, खाली सहा नव्या पायऱ्या बसवल्या होत्या. म्हणजे जुन्या मापानं एकच उरली! तिच्या कडेवर सात महिन्यांची लेक ब्राह्मी. नवरा आर्जव कामावर, लोणंदला. त्याचा आत्ताच फोन येऊन गेला होता : कोयनेतून आणखी पाणी सोडलंय, ओढ्यावरचा पूल बुडायच्या आत बाहेर पड.

"मामा, मंदिर वर गेलंय, घरं नाहीत," ती सासऱ्यांना म्हणाली.

सासरे, आदगोंडा, मंदिर समितीचे अध्यक्ष. "दोन पूर बघितल्यात मी. मी हललो की गल्ली हलती. उगं पळापळ झाली तर समाजाचं हसं हुईल."

तेवढ्यात दारात ट्रॅक्टर थांबला. खालच्या आळीत पहाटेच पाणी शिरलं होतं. त्यांच्या शेतात कामाला येणारी रंगुबाई ट्रॉलीतून ओरडली, "वैनी, चला पल्याड शाळंतल्या छावणीकडं! शेवटची फेरी हाय!"

"चातुर्मासात तिथलं कांदा-लसूण खाणार व्हय?" सासरे गरजले.

"आवं अण्णा, तुमचं येगळं शिजवू. आदी जित्तं तर ऱ्हावा!"

कस्तुरीनं आजवर सासऱ्यांचा शब्द मोडला नव्हता. तिनं ब्राह्मीला रंगुबाईच्या हातात दिलं आणि चाकावर पाय ठेवून स्वतः चढली. खिडक्या उघडल्या. "अगं बाई, अध्यक्षांची सून! खालच्या आळीच्या ट्रॉलीत!"

पुलावर निम्मं चाक बुडालं. ट्रॉली एका अंगाला ओढली जात होती. पलीकडे टेकतात तोच सासऱ्यांचा फोन.

"पुलावरनं येता येतंय का अजून?"

"फार तर अर्धा तास. मामा, तुम्ही निघाल्याशिवाय कुणी निघणार नाही."

फोन चालू असतानाच त्यांचा आवाज गल्लीत घुमला, "चला रं, भाईर पडा! माझी मोजणी चुकली!"

कस्तुरीनं ट्रॅक्टरवरच्या ज्ञानूकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता. "चाळीस घरं हायती, वैनी. कसं जमंल?"

रंगुबाईनं ट्रॉलीचं फाळकं पाडलं. "उतरा गं समद्या! ज्ञानू, म्हातारी आन् पोरं आदी घे. जा!"