बोडीवरचा पंजा

आसगावात सुखराम राहायचा, त्याची बायको रुखमा राहायची, शेजारी शकुनबाई राहायची. आणि धानाला पाणी देणाऱ्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या गाळात मी राहायचो. मी पंजाचा दगड बोलतोय.

कोण्या काळी कोण्या पाथरवटानं मला घडवलं. बाकीची मूर्ती कधी फुटली, आठवत नाही. उरला तो वर केलेला उघडा हात. बहात्तरच्या दुष्काळात बोडी खोल करताना मी सुखरामच्या कुदळीला लागलो.

उजेड पाहून हरखलो, तोच शकुनबाई किंचाळली, "अव माय व! सतीचा हात! थांब म्हणते हा. याले ओलांडलं का घर बुडलं. रुखमे, मागच्या साली तुहं लेकरू गेलं, ते याच्यानंच!"

तेव्हा मी गाळात होतो. पण दगडाचं ऐकतो कोण?

मला उचलून लांब फेकायलाही कुणी धजेना. पलीकडच्या बौद्ध वस्तीची वाट बोडीच्या पाळीवरून जायची. काढलेल्या गाळासकट तिथंच मला टाकलं. वाट बंद पडली. बाया लेकरांचे डोळे झाकून लांबून जात. लोक मला भीत, मी लोकांना. रोज वाटे, आज कुणी मला फोडायला घन घेऊन येतो.

पुढल्या पावसाळ्यात, धानाची रोपं लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत, भर दुपारी घन आलाच. रुखमा बाळंतपणात अडली होती. बौद्ध वस्तीतली सुईण मंगलाबाई पलीकडच्या बांधीत, धानाच्या खाचरात, रोवणा करत होती. सुखराम घन घेऊन धावत आला अन् माझ्यापाशी थिजला.

"मावशी, धावा व! पर थांबा, पहिले याले फोडतो!"

घन वर गेला. दगडही थरथरतो, खोटं सांगत नाही.

चिखलाच्या पायांनी मंगलाबाई पाळीवर चढली. "काहून फोडून राहिला रे? पोळ्याले बैलाच्या पाठीवर गेरूचा पंजा मारतं, तवा नाही भेत?"

"तो शुभ असते, मावशी. हा थांब म्हणते."

"आमच्या विहारातल्या बुद्धाचा हात असाच हाय. शकुनबाईच्या क्यालेंडरातल्या लक्ष्मीचाही असाच. भिऊ नोको म्हणते तो. सरक!"

तिनं चिखलाचा तळवा माझ्या तळव्याला लावला आणि मला ओलांडून धावली. मागून सुखरामही.

भिऊ नको! माझ्या अंगावर कोरलेलं मलाच ठाऊक नव्हतं. तरी घराकडून तान्ह्याचं रडू येईतो मी भीतच होतो.

पोरगी झाली, तुळसा; मायलेकी दोघी सुखरूप. त्या पोळ्याला शकुनबाईनंच तिचा इवला हात गेरूत बुडवून माझ्यावर उमटवला. मला म्हणाली, "राग नोको धरू बाप्पा."

पावसानं गेरू धुतला जातो. तुळसा दर पोळ्याला नवा पंजा उमटवते. माणसांनो, हात वर दिसला तर पळण्याआधी विचारा, काय म्हणतो. यंदा तिचा हात माझ्या हातात नीट बसला, बोटाला बोट लागून.