हद्दीच्या दगडांची चूल

मोजणीची साखळी बांधावर आली आणि राकिना शेतात आडवी झाली. आठवा महिना भरत आला होता, म्हणून आधी हात टेकले, मग गुडघे, मग कण्हत पाठ.

जावा बेटावर ब्लोराच्या सागवनाला लागून तिचं दीड बिघा शेत. आज्याने झाडोरा काढून केलेलं. आता डच सरकारने ठरवलं, की ते जंगलात येतं आणि जंगल सगळं सरकारचं. साखळी या टोकाची त्या टोकाला गेली, हद्दीचा दगड रोवला, की संपलं. पुढच्या पेरणीला तिने शेतात पाय टाकला तर ती चोर. मिरी-लवंग विकत घ्यायला म्हणून गलबतं लावली होती या लोकांनी, आणि आता सागाचं पानसुद्धा त्यांचं! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय?

"ऊठ, बाई," मोजणीदार म्हणाला. माणूस जावाचाच, पण मागे घोड्यावर गोरा साहेब, त्यामुळे आवाज चढलेला.

"कशाला रे? माझ्या जागेत पडलेय. तुझ्या घरी येऊन झोपले का?"

'रे' ऐकून त्याचे कान लाल झाले. या गावाची खोडच ती. सगळे एकाच मातीचे, असं मानणारी ही माणसं कुणालाच सरकार-हुजूर म्हणत नसत.

"साहेबासमोर नीट बोल!"

"का? त्याला असं ऐकू येत नाही?"

साखळीवाला मान खाली घालून हसला. साहेब मात्र वरूनच म्हणाला, "तिच्यावरून न्या साखळी."

साखळी पोटावरून ताणली. थंड लोखंड लागलं तसं आतल्या पोराने ढुशी दिली. राकिना घाबरली, खोटं कशाला सांगायचं? पण उठली नाही.

"मोज, बाबा. दोघांना मोज. लिहून ठेव, इथे दीड बिघा माती आणि दोन माणसं."

माप चुकलंच. मध्ये एवढं पोट आल्यावर साखळी सरळ राहणार कशी? चौघांनी तिला उचलून बांधावर ठेवलं. ती माती झटकून परत आली, परत आडवी. तिसऱ्या खेपेला तिचा नवरा तार्मिन येऊन शेजारी निजला, मग सासू, मग सगळी आळी. दुपार कलेपर्यंत शेतात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. साहेबाने घोडा वळवला.

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. राकिनाला आणि तार्मिनला कोठडीत घातलं आणि मागे शेतात दगड रोवला. लेक कोठडीतच झाली. बळी तो कान पिळी, खरं आहे. पण कान पिळला म्हणून मान वाकलीच पाहिजे असं थोडंच आहे? सुटल्यावर त्या ओल्या बाळंतिणीने पहिलं काम केलं ते दगड उपटायचं. घरी आणून ठेवला आणि शेत पेरलं. सरकारने दुसरा रोवला. तोही घरी आला. प्रत्येक दगडामागे कोठडी ठरलेली, तरी तिसराही आला. मग तिने तिन्हींची चूल मांडली. भात शिजला की म्हणायची, "सरकार एवढं तरी कामाला आलं."

वर्षं गेली. जपानी आले, गेले. गोरे परत आले, तेही गेले. गावात आपला झेंडा चढला तेव्हा राकिना ओक्साबोक्शी रडली. तार्मिन ते बघायला उरला नव्हता.

पुढच्याच वर्षी बांधावर साखळी आली. तीच, गंज तेवढा वाढलेला. मोजणीदार कोवळा, गोडबोल्या.

"आजी, आता राज्य आपलंच आहे. जंगलही आपल्याच सरकारचं."

"आपलंच ना? मग माझ्याकडून काढून कुणाला देतोस, बाळा?"

त्याने कागद चाळले. त्याची माणसं गाडीतून दगड उतरवत होती.

"आणलास तेही बरंच," राकिना म्हणाली. "चुलीचा एक तडकलाय."

तिने हात टेकले, मग गुडघे. ते आता फार दुखायचे. लेकीने पाठीला आधार देऊन तिला निजवलं आणि स्वतः शेजारी आडवी झाली.

"मला एकदा मोजून झालंय," लेक म्हणाली. "साखळी ठेव खाली."